कोमिनोची हिरवी फळी

नोल्फाला यास्ना आवडेनाशी झाली ती तिच्या जिभेमुळे. यास्ना फटकळ होती असं नाही. उलट गोडच बोलायची, आणि तेही नोल्फाला खपत नव्हतं. पण इथे गोष्ट खऱ्याखुऱ्या जिभेची आहे. ही बाई रोसेंदोच्या सुतारखान्यात बसून लाकडं चाटायची.

रोसेंदो म्हणजे नोल्फाचा नवरा. इयापेल गावातल्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची. गेल्या वर्षी यास्ना किनाऱ्यावरच्या कोकिम्बोहून आपल्या मयत आत्याच्या घरात राहायला आली, येताना पिंजऱ्यातून एक करडा चिंचिला घेऊन आली, आणि त्याला उड्या मारायला फळी हवी म्हणून सुतारखान्याच्या दारात उभी राहिली. उंदराचे कान, खारीची शेपटी आणि मधे कापसाची उशी, असा तो प्राणी. नाव कोमिनो, म्हणजे जिरं. रोसेंदोने फळी करून दिली. मग एक पूल. मग कुरतडायला टांगायचे गोळे. यास्नाने त्यांचे फोटो राजधानी सान्तियागोच्या चिंचिला पाळणाऱ्यांना दाखवले, आणि बघता बघता म्हाताऱ्याकडे दारं-खिडक्या मागे पडून हातभर लांबीच्या शिड्यांचा ढीग लागला.

या डोंगरांत चिंचिला रानातही राहतात, पण दिसत कुणाला नाहीत. नोल्फाच्या आजोबांच्या पिढीने कातडी विकून विकून त्यांना संपवत आणलं होतं, आणि आता शहरातले लोक त्यांच्या पाळीव भाऊबंदांसाठी रंगीत शिड्या मागवत होते. लोकांना काम नाही, असं नोल्फाचं मत होतं. शिड्या मागवायच्या तर मागवा. पण रंगीत? खरी ठसठस तिथे होती, कारण त्या घरात रंग हे खातं नोल्फाचं होतं.

परसात, अंजिराच्या झाडामागे, तिची चूल होती आणि चुलीवर लोकर रंगवायचं काळंकुट्ट भांडं. ही विद्या तिच्या आईची. सणाला घोडे नाचवणारे खोऱ्यातले सगळे हौशी आपल्या पोंचोची, म्हणजे गळ्यातून घालायच्या घोंगडीची, लोकर तिच्याकडूनच रंगवून न्यायचे. भांडं चुलीवर असताना त्यात कुणी डोकावायचं नाही, हा आईचा दंडक. परक्याची नजर पडली की रंग फाटतो, लोकरीवर चट्टे उठतात. त्यामुळे भांडं चढलं की रोसेंदो अंजिराच्या अलीकडेच थांबायचा. रंगून आलेली लडी हातात घ्यायचा, चाचपायचा, घडी करून ठेवायचा. एक अक्षर बोलायचा नाही. आख्ख्या संसारात त्याने तिच्या एका रंगाला छान म्हटलं नव्हतं. माणूस अबोल आहे, अशी नोल्फाने स्वतःची समजूत घातली होती आणि त्या समजुतीवर तिचं बरं चाललं होतं.

आणि आता हाच अबोल माणूस बिटाच्या पाण्यातून काढलेलं एक दांडकं खिडकीपाशी धरून म्हणत होता, "वा वा! काय गुलाबी आलाय, पोरी!"

नोल्फा चहाची किटली घेऊन दारातच उभी राहिली.

"थांबा, मिस्त्री, आधी परीक्षा," यास्ना म्हणाली आणि तिने दांडकं चाटलं. "ज्याला मी जीभ लावणार नाही, ते माझ्या कोमिनोच्या तोंडी नाही."

"चव कशी आहे?"

"मातीसारखी. बघा तुम्ही."

आणि त्या म्हाताऱ्याने बघितलं! त्याच दांडक्याला, दुसऱ्या टोकाने का होईना, त्याने जीभ लावली. दोघं खो खो हसले. नोल्फा तशीच मागे वळली. आतून रोसेंदोने हाक मारली, "काय गं, चहा?"

"पाणी उकळलंच नाही," नोल्फा म्हणाली, आणि हातातल्या किटलीची वाफ डोळ्यांत जात होती.

संध्याकाळी पाव आणि आवोकादो समोर ठेवून दोघं बसली तेव्हाही त्याची जीभ लालच होती.

"रंग आलाय जिभेवर," ती म्हणाली.

"बीट आहे," तो खुशीत म्हणाला.

"कोशिंबिरीत मीही घालते बीट. तेव्हा नाही कधी एवढं हसू आलं तुला."

रोसेंदोने पावाचा तुकडा मोडला आणि नेहमीसारखा गप्प झाला. सुतारखान्यात वाचा फुटायची आणि घरात बसायची, हा चमत्कार नोल्फा रोज बघत होती आणि रोज जळत होती. यास्ना निम्म्या वयाची होती, पण नोल्फाला तसला संशय नव्हता. तसला असता तर बरं झालं असतं, चार भांडी आपटून मोकळी झाली असती. हे दुखणं वेगळं होतं. तिच्या रंगांच्या वाट्याला आलं नाही ते कौतुक त्या कच्च्या बिटाला मिळत होतं.

रंग कच्चा म्हणजे कच्चाच. यास्ना बीट किंवा जांभळा कोबी उकळायची, वाळुंजाच्या नाहीतर सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे त्यात रात्रभर बुडवायची, मंद आचेच्या भट्टीत वाळवायची. वॉर्निश नाही, डिंक नाही, लोखंडी खिळा नाही. पीचचं लाकूड नाही, चिकाचं पाइन तर नाहीच. ती हे सगळं रोसेंदोला समजावून सांगायची, कोमिनोचे दात कसे जन्मभर वाढतात आणि तो दिवसभर काय काय करतो ते सांगायची. नोल्फाच्या कानावर त्यातलं अर्धंमुर्धं यायचं. ती मुद्दाम तिथे थांबत नसे. यास्नाने दहादा बोलावलं, "मावशी, या ना एकदा, कोमिनोला बघा," आणि नोल्फाने दहादा उत्तर दिलं, "आमच्या घरात उंदीर काय कमी आहेत?"

वसंत लागला तसं बिटाने आपले गुण दाखवले. सान्तियागोच्या एका दुकानाने मोठा नमुना मागवला होता. रंग पसंत पडला तर पुढचं आख्खं वर्ष काम मिळणार होतं. यास्नाने शिड्या गुलाबी काढल्या, आणि वाळता वाळता त्या जुन्या चहाच्या डागासारख्या होऊन बसल्या. पुन्हा काढल्या, पुन्हा तेच.

"बीट धरत नाही, मिस्त्री," यास्ना गुडघ्यात डोकं घालून म्हणाली. "दुकानवाले हसतील मला."

"धरला असता रंग, तर काय हवं होतं," रोसेंदो म्हणाला.

दारातल्या नोल्फाचं काळीज टुणकन उडालं. आता विचारेल. खोऱ्यात रंग धरायला लावणारी बाई एकच, आणि ती समोर उभी. रोसेंदोने तिच्याकडे पाहिलंही. मान खाजवली. मग पुन्हा पॉलिशचा कागद उचलून फळी घासायला लागला. नोल्फाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. विचारायचीही लायकी नाही का माझी?

दुसऱ्या दिवशी रोसेंदो आणि यास्ना गाडी घेऊन नदीकाठी वाळुंजाच्या फांद्या आणायला गेली, आणि नोल्फाने सुतारखान्यातल्या कोऱ्या फळ्या आणि शिड्या टोपलीत भरून अंजिरामागे नेल्या. चूल पेटली. निवडुंगावरच्या किड्यांची पूड आणि तुरटी, त्यात लाल निघाला, पिकल्या डाळिंबासारखा. हिरव्यासाठी मोयेच्या झाडाचा पाला उकळला. नुसत्या पाल्याचा पिवळट येतो हे तिला ठाऊक होतं. हिरवा पक्का करायचा तर आईच्या पद्धतीने त्यात मोरचुदाचा खडा पडला पाहिजे. तो निळा खडा फडताळाच्या वरच्या कप्प्यात, बकऱ्यांचं तोंड पोचणार नाही असा ठेवलेला असायचा. बकरीने चाटला तर बकरी गेली, हे काय तिला माहीत नव्हतं? पण लोकर धुतली की संपलं. तिने फळ्याही लोकरीसारख्या धुतल्या, पाणी नितळ निघेपर्यंत धुतल्या, वाळवल्या, वर ओलं पांढरं फडकं घासून बघितलं. फडक्याला डाग नाही, म्हणजे चाटणाऱ्याच्या जिभेलाही लागणार नाही. हिरवा असा उतरला होता की तिला स्वतःलाच हसू फुटलं.

रोसेंदो आला. त्याने हिरवी फळी उचलली आणि खिडकीपाशी नेली. नोल्फा पदर हातात धरून उभी राहावी तशी ॲप्रनचं टोक मुठीत धरून उभी राहिली. त्याने फळी उलटी केली, सुलटी केली. तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाला, "यास्नाला दाखवायला हवी."

बस, एवढंच. पुन्हा यास्ना! नोल्फाला ती फळी त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली.

यास्ना मात्र धावत आली आणि तिने नोल्फाला मिठीच मारली. "मावशी! अहो, हे काय केलंत! धरलं कसं?"

"धरलं," नोल्फा म्हणाली.

"घातलंत काय पण?"

"आमच्यात भांड्यातलं सांगत नाहीत."

"नका सांगू. पण सगळं खाण्यातलंच आहे ना?"

आता इथे एक सरळ उत्तर होतं, आणि ते द्यायला नोल्फाला श्वासभर वेळही होता. पण तिला वाटलं, ही पोर आता माझं भांडं हुंगायला आली. बीट जमलं नाही, आता माझी विद्या घेऊन मिस्त्रींसमोर मिरवेल. ती म्हणाली, "तान्ही बाळं गुंडाळतात, बाई, माझ्या लोकरीत. आजवर एक मेलेलं नाही."

यास्नाने रोसेंदोकडे पाहिलं. "नोल्फाच्या हातचं आहे, चिंता नको," तो म्हणाला. तिने सवयीने फळी तोंडाजवळ नेली, मग नोल्फाचा चेहरा बघून ओशाळली, आणि न चाटताच पिशवीत घातली. "एक आधी कोमिनोला लावते, मग सान्तियागोला पाठवू." नोल्फा त्या रात्री गाढ झोपली.

सकाळी मात्र तिला स्वस्थ बसवेना. नवरा तर तोंड उघडत नव्हता. निदान ज्या पिंजऱ्यात आजवर बिटाचं राज्य होतं, तिथे आपला हिरवा कसा दिसतो ते डोळे भरून बघावं, असं तिच्या मनाने घेतलं. बकरीच्या चीजचा तुकडा फडक्यात गुंडाळून निमित्त तयार केलं आणि ती आयुष्यात पहिल्यांदा यास्नाच्या घरात शिरली.

"मावशी, तुम्ही!" यास्नाचा चेहरा उजळला. "या, या. बघा तरी तुमची फळी. पहाटेपासून स्वारी माझ्या शिडीकडे ढुंकून बघत नाही. तुमचीच आवडली."

पिंजरा कपाटाएवढा होता. एका बाजूला चहाच्या डागाची बिचारी शिडी. वर मधोमध नोल्फाची हिरवी फळी, उन्हात झगझगीत. तिच्या छातीत गोड कळ उठली. तिची फळी जिंकली होती. मग तिची नजर फळीवर बसलेल्या करड्या गोळ्यावर गेली. तो पुढच्या दोन्ही हातांनी फळीची कड धरून बसला होता आणि त्याची हनुवटी भराभर हलत होती. फळीची पुढची कड पांढरी दिसत होती. हिरवा तिथे नव्हताच.

"हे काय करतोय?" नोल्फाने विचारलं.

"खातोय," यास्ना हसली. "हेच तर काम त्याचं. घर करून द्यायचं आणि त्याने ते खायचं. महिन्याभरात संपवेल बघा."

लोकर कुणी खात नाही. पोंचो अंगावर घालतात, दुपट्यात बाळ झोपतं, आणि नोल्फाच्या आईपासून आजपर्यंत रंगवलेला धागा पोटात जातो असं कुणी ऐकलं नव्हतं. नोल्फाच्या हातातलं चीज खाली पडलं. तिने पिंजऱ्याचं दार ओढलं, आत हात घातला, फळी हिसकावली. कोमिनो दचकून उडाला, आणि त्याच्या पाठीच्या केसांचा एक पुंजका सुटून तिच्या मनगटाला चिकटला.

"मावशी! घाबरला ना तो! काय झालं?"

नोल्फाला त्या क्षणीसुद्धा वाटलं, काहीतरी थाप मारावी. फळी सैल होती म्हणावं. घेऊन जावं, आणि कुणाला कळू नये. कोमिनो कोपऱ्यात पाठ फुगवून बसला होता आणि तिच्याकडे बघत होता.

"मोरचूद आहे त्यात," ती म्हणाली. "हिरव्यात मोरचूद असतं."

यास्ना पांढरी पडली. पण ओरडली नाही. तिने उरलेलं सगळं रंगीत लाकूड पिंजऱ्यातून काढलं, ताजं गवत टाकलं, पाणी बदललं आणि कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरणीला बोलावून आणलं. डॉक्टरणीने कोमिनोला मांडीवर घेतला, पोट चाचपलं, तोंड उघडून पाहिलं, बारीक पिचकारीने काहीतरी पाजलं. फळीची कड नखाने खरवडून बघितली.

"धुतलेली आहे, आणि आत फार मुरलेलं नाही. थोडंच गेलं असेल. आता तो गवत खातो का आणि लेंड्या टाकतो का, एवढ्यावर लक्ष ठेवा. टाकल्या तर जिंकलो." आणि ती दुपारी परत येते म्हणून गेली.

मग दोघी बायका पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसून एका प्राण्याच्या लेंडीची वाट बघत राहिल्या. नोल्फाला वाटत होतं, ही आता बोलेल. बोल एकदाची, शिव्या घाल, म्हणजे मलाही काही बोलता येईल. यास्ना तिच्याकडे वळलीच नाही. फक्त मधून मधून नाक पुसत होती, आणि जाळीतून बोट घालून हळूच "जिऱ्या, ए जिऱ्या" म्हणत होती. तिला दुसरं कुणी नाही हे नोल्फाला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दिसलं, आणि तेही तिला आवडलं नाही.

कुणीतरी सांगितलं असणार, कारण रोसेंदो लाकडाच्या भुशाने भरलेला तसाच धावत आला. "काय झालं? काय झालं कोमिनोला?"

नोल्फाने डोळे मिटून घेतले. आता सगळं त्याच्यासमोर निघणार.

"माझी चूक, मिस्त्री," यास्ना म्हणाली. "मी न चाटता फळी लावली. रोज चाटते आणि नेमकी काल चाटली नाही. मावशींना काय माहीत चिंचिला कसा खातो ते? मी सांगायला हवं होतं. माझीच चूक."

आणि तिला हुंदका आला. रोसेंदो तिच्याशेजारी खाली बसला. आपला मोठा, खरबरीत हात त्याने तिच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "असू दे, पोरी. चुका होतात. असू दे."

नोल्फाने तो हात बघितला. या हाताने तिच्या लड्यांच्या मुकाट्याने घड्या केल्या होत्या. या माणसाने तिला कधी 'असू दे' म्हटलं नव्हतं, कारण तिने कधी चूक होऊ दिली नव्हती. आणि आज तिच्या हातून एवढी मोठी चूक झाली, तर तीही या बाईने उचलून आपल्या नावावर करून घेतली! कौतुक घेतलं, हसणं घेतलं, आता चूकसुद्धा!

"चूक माझी आहे!" नोल्फा किंचाळली. कोमिनो पिंजऱ्यातल्या टोपलीत लपला. "माझी आहे ती! हात काढ तिच्या खांद्यावरचा! मोरचूद मी घातलं. ती विचारत होती, खाण्यातलं आहे ना, आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. मला माझा रंग हिच्यापेक्षा वर दिसायला हवा होता. कळलं? हिचा काही संबंध नाही त्यात!"

रोसेंदोने हात काढला. तिच्याकडे वळला.

"एवढं कशाला, म्हातारे? तिच्या बिटाशी बरोबरी करायची? तू?"

"मग काय करू? त्या बिटाला वा वा, आणि माझ्या रंगाला जन्मात एक शब्द नाही!"

"तूच तर बंदी घातलीस."

"मी?"

"लग्न झाल्यावर पहिली लडी काढलीस, निळी. मी छान म्हणालो. तर तू ती आख्खी लडी नदीत सोडून आलीस. दृष्ट लागली म्हणालीस, तोंडाने कौतुक केलं की रंग फाटतो म्हणालीस. दोन दिवस रडत होतीस. त्यानंतर मी कधी तोंड उघडलं नाही. परवा म्हटलं, तुला विचारावं बिटाचं. मग म्हटलं नको, भांड्यातलं विचारलं म्हणून पुन्हा रडेल."

नोल्फाला ती निळी लडी आठवली नाही. मग आठवली. नदीचं पाणीही आठवलं, आणि तेव्हा तिच्याशेजारी काठावर उभा असलेला, काय चुकलं ते न कळलेला तरुण सुतारही.

 पिंजऱ्यात गवताचा कुरकुर आवाज आला. यास्ना जाळीला नाक लावून बघत होती. "खातोय," ती कुजबुजली. आणि थोड्या वेळाने, जरा मोठ्याने, "टाकली! मावशी, टाकली! बघा, दुसरीपण!" ती हसत होती आणि रडत होती. नोल्फाने गुडघ्यावर रांगत जाऊन बघितलं. खरंच होतं. साळीच्या दाण्याएवढ्या दोन काळ्या लेंड्या. तिला एवढं हायसं वाटलं की तिने जाळीलाच कपाळ टेकलं.

रोसेंदोने जमिनीवरची हिरवी फळी उचलली. ती आता कुणाच्या कामाची नव्हती. सान्तियागोला जाणार नव्हती, चुलीतही घालता येणार नव्हती. दुपारी डॉक्टरीण घेऊन जाणार होती.

"बोल," नोल्फा पाठमोरीच म्हणाली.

"काय बोलू?"

"जे तेव्हा खिडकीपाशी बोलणार होतास ते. लागली दृष्ट तर लागू दे. आता काय फाटायचं राहिलंय?"

रोसेंदोने फळी उजेडात धरली. पांढरी, कुरतडलेली कड बोटाखाली झाकली. 

"असा हिरवा," तो म्हणाला, "मी उभ्या जन्मात पाहिला नाही, नोल्फा."

नोल्फाने मान वळवली, आणि सगळ्यात आधी यास्नाकडे पाहिलं, तिने ऐकलं की नाही ते बघायला.